कुलूप कोण तपासणार?

न्यूयॉर्क राज्याच्या कामगार कायद्यात 1911 साली एक अगदी साधं कलम होतं. कारखान्याची दारं शक्य असेल तिथे बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत आणि कामाच्या वेळेत त्यांना कुलूप, कडी किंवा अडसर घातलेला नसावा. वकील लावून अर्थ काढावा असं त्यात काहीच नव्हतं. त्याच वर्षी 25 मार्चला, शनिवारी, पावणेपाचच्या सुमारास मॅनहॅटनमधल्या ॲश बिल्डिंगमध्ये, ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात, आठव्या मजल्यावर कापड कापायच्या टेबलाखालच्या चिंध्यांनी पेट घेतला. आठव्या मजल्यावरून दहाव्यावर फोन गेला. तिथे मालक होते, ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निघून गेले. मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही. तिथल्या मुली वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या जिन्याकडे धावल्या, तेव्हा दार उघडेना.

अग्निशमन दलाच्या शिड्या जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचत होत्या. इमारतीच्या मागचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अर्ध्या तासाच्या आत 146 माणसं गेली. त्यांतल्या 123 बायका आणि मुली होत्या, बहुतेक रशिया आणि इटलीकडून आलेल्या, विशी-बाविशीच्या आणि त्याहूनही लहान. इमारत मात्र ‘अग्निरोधक’ होती, आणि ते खोटं नव्हतं. ती आजही उभी आहे, तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात.

या ट्रँगल कारखान्यात शर्टवेस्ट शिवले जायचे. शर्टवेस्ट म्हणजे कॉलरचं, पुढे बटणांचं, पुरुषांच्या शर्टाच्या वळणाचं बायकांचं पोलकं. ऑफिसात टायपिंग करणारी, शाळेत शिकवणारी, सायकल चालवणारी, मतदानाचा हक्क मागणारी ‘नवी स्त्री’ हेच घालायची. ज्या मुली ते शिवत होत्या त्यासुद्धा तेच घालून कामावर येत. बाईच्या मोकळेपणाची खूण म्हणून मिरवलं जाणारं ते वस्त्र कुलूपबंद दाराआड तयार होत होतं. औद्योगिक अमेरिका एका दृश्यात दाखवायची झाली तर मी हेच दाखवीन.

कुलूप कशासाठी? सुटीच्या वेळी सगळ्यांनी दुसऱ्या बाजूच्या, ग्रीन स्ट्रीटच्या दारानेच बाहेर पडावं म्हणून. तिथे पहारेकरी प्रत्येकीची पर्स उघडून बघायचा, लेसचा तुकडा किंवा तयार पोलकं कोणी लांबवत नाही ना. खटल्यात सरकारी वकिलाने मालकाला विचारलं, या चोऱ्यांमध्ये गेलेल्या मालाची किंमत किती असेल? पंचवीस डॉलरच्या वर नसेल, असं त्याने कबूल केलं. तरीही डिसेंबर 1911 मध्ये दोन्ही मालक, मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस, निर्दोष सुटले. दार त्या क्षणी बंद असल्याचं मालकांना ठाऊक होतं, याची ज्यूरीला खात्री पटायला हवी होती. कुलूप होतं, कायदा होता, 146 मृतदेह होते. फक्त मालकाच्या मनात त्या घटकेला काय होतं, याचा पुरावा नव्हता.

तेव्हा कायदा नव्हता म्हणून त्या मुली गेल्या, असं म्हणता येत नाही. कायदा होता, आणि ते कुलूप हलवून बघायला कोणी आलं नाही.

अमेरिकेतल्या सामाजिक सुधारणांची गोष्ट आपल्याला सहसा एकाच साच्यात ऐकवली जाते. आधी अन्याय, मग एखादा निडर पत्रकार किंवा छायाचित्रकार, मग खडबडून जागा झालेला समाज आणि शेवटी कायदा. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिच्यात एक माणूस गाळलेला असतो. पगारावर नेमलेला, हातात अधिकार असलेला, सकाळी उठून कारखान्याच्या पायऱ्या चढणारा निरीक्षक. माझं म्हणणं असं की 1890 ते 1940 या काळात अमेरिकेत जे टिकाऊ बदल झाले ते समाजाच्या सद्सद्विवेकाने फारसे झाले नाहीत. तो विवेक जितक्या लवकर जागा होतो तितक्याच लवकर कूस बदलून झोपतो. बदल टिकले ते जिथे तपासायला माणूस नेमला गेला तिथे. आणि जिथे तो नेमला गेला नाही, किंवा नेमून काढून टाकला गेला, तिथे कायदा म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

फ्लॉरेन्स केली हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवर ‘हल हाउस’ सुरू केलं. शिकलेल्या, सुखवस्तू घरांतल्या बायका कामगारवस्तीत राहायला गेल्या होत्या. केली 1891 च्या डिसेंबरअखेर तिथे येऊन थडकल्या. नवऱ्याचं घर सोडलेल्या, पदरी तीन मुलं. त्यांनी वस्तीतल्या शिवणकामाच्या खुराड्यांची खोली न् खोली पालथी घातली. त्यातून 1893 चा इलिनॉय राज्याचा कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांची मर्यादा आणि अंमलबजावणीसाठी बारा माणसांचं निरीक्षक पथक, ज्यात बायका असणं सक्तीचं. गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी केलींनाच मुख्य निरीक्षक नेमलं. ज्या देशात बायकांना बहुतेक ठिकाणी मत नव्हतं, तिथे एक बाई कारखानदाराच्या दारात उभी राहून म्हणू शकत होती, ‘दार उघडा, मला पोरांची वयं बघायची आहेत.’

एक प्रसंग केलींनीच लिहून ठेवला आहे. तसबिरींच्या स्वस्त चौकटींना सोनेरी मुलामा देण्याच्या कामावर एक अकरा वर्षांचा मुलगा बेकायदा ठेवलेला होता. मुलाम्याचं द्रावण विषारी. मुलाचा उजवा हात लुळा पडला. केली सरकारी वकिलाकडे गेल्या तर तो म्हणाला की आज तुम्ही एका किरकोळ चौकटवाल्यावर खटला आणलात, पुढच्या आठवड्यात मार्शल फील्डसारख्या बड्या दुकानदारावर आणणार नाही कशावरून? केली रागावून थांबल्या नाहीत. त्यांनी रात्रीच्या वर्गात नाव घातलं आणि 1895 मध्ये कायद्याची पदवी घेतली. आता वकीलही आपल्याच घरचा.

पण त्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम उडवून लावलं. बाईला हवे तितके तास राबण्याचा करार करायचं ‘स्वातंत्र्य’ आहे, असा एकूण सूर. 1897 मध्ये गव्हर्नर बदलला आणि केलींची नोकरी गेली. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ ऑल्टनच्या काच कारखान्यात वर्षानुवर्षं पगार घेतलेले होते. आणि हाच कारखाना लहान मुलं कामाला ठेवण्याबद्दल केलींच्या यादीत सगळ्यात वर होता. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही. कायद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही. फक्त माणूस बदलला.

जेन ॲडम्स यांचं नाव निघालं की 1931 चं नोबेल शांतता पारितोषिक आठवतं. मला मात्र त्यांचं 1895 मधलं रूप जास्त आवडतं, कचरा निरीक्षकाचं. हल हाउसच्या प्रभागात कचऱ्याच्या लाकडी पेट्या रस्त्यावर सडत पडलेल्या असत आणि मुलं त्यांवर खेळत. ठेकेदार नगरसेवकाचा माणूस. (हे वाचताना कोणाला आपला वॉर्ड आठवला तर तो माझा दोष नाही.) ॲडम्स यांनी थेट कचरा उचलण्याच्या ठेक्यासाठी निविदा भरली. ती तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली गेली, पण एवढा गवगवा झाला की महापौरांनी त्यांना प्रभागाचं निरीक्षकपद दिलं. मग रोज सकाळी सहाला उठून या बाई कचऱ्याच्या गाड्यांमागे जायच्या. गाडी खरंच कचरा डेपोपर्यंत पोचते की मध्येच कुठे रिकामी होते, हे बघायला. ठेकेदाराच्या मागे लागून त्यांनी गाड्या नवावरून सतरावर नेल्या. एका अरुंद गल्लीत खणता खणता अठरा इंच घाणीखाली फरसबंदी लागली. गल्लीला फरसबंदी आहे, हे तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

वस्तीतल्या बायकांना हे काम बाईमाणसाला शोभणारं वाटेना. ॲडम्स त्यांना समजावायच्या की तापाने फणफणलेल्या शेजाऱ्याची सेवा करायला जाणं जर बायकी असेल, तर तो ताप आणणारा कचरा हलवणं बायकी का नाही? संस्कृती बदलते म्हणजे काय होतं, याचं उत्तर मला अशा गल्लीतल्या संभाषणात जास्त सापडतं, परिषदांच्या ठरावांत कमी.

आता मांस आणि मुलं यांची तुलना करू. 1906 मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी आली. त्यांना दाखवायचे होते कामगारांचे हाल. वाचकांना दिसला तो आपल्या ताटातला सॉसेज. नेम काळजावर धरला आणि गोळी पोटात लागली, अशी खंत त्यांनी स्वतःच व्यक्त केली. पुस्तक फेब्रुवारीत आलं आणि 30 जूनला मांस तपासणीच्या कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. सोबत निरीक्षकांच्या पगारासाठी केंद्राच्या तिजोरीतून दरवर्षी तीस लाख डॉलरची तरतूद. चार-पाच महिन्यांत सगळं.

आणि मुलं? 1900 च्या जनगणनेत दहा ते पंधरा वयाची सुमारे साडेसतरा लाख मुलं कामावर नोंदलेली होती. 1908 पासून लुइस हाइन राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी त्यांची छायाचित्रं काढत देशभर हिंडले. गिरणीत शिरायला ते कधी बायबल विकणारे व्हायचे, कधी यंत्रांचे फोटो काढणारे. मुलाची उंची ते स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायचे आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवायचे. ती चित्रं पाहून देश हळहळला. मग 1916 चा केंद्रीय कायदा आला. तो 1918 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. दुसरा कायदा 1922 मध्ये रद्द झाला. 1924 ची घटनादुरुस्ती राज्यांनी पुरेशा संख्येने मंजूरच केली नाही. टिकणारा कायदा यायला 1938 उजाडलं. डुकराच्या मांसाला केंद्राचा निरीक्षक मिळाल्यावर मुलांना आणखी बत्तीस वर्षं थांबावं लागलं. समाजाच्या जाग्या झालेल्या विवेकाबद्दल मला शंका का वाटते, ती एवढ्यासाठी.

1918 च्या त्या खटल्यातला वादी होता नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा गिरणी कामगार रोलंड डॅगनहार्ट. त्याच्या दोन मुलांचा गिरणीत काम करण्याचा हक्क हिरावला जातो, अशी तक्रार. खटल्यामागे दक्षिणेतले गिरणीमालक होते, पैसा आणि वकील त्यांचे. पाच-सहा वर्षांनी एका पत्रकाराने या दोघांतल्या रूबेनला गाठलं. वीस वर्षांचा तो बाप्या, वजन 105 पौंड, म्हणजे पन्नास किलोसुद्धा नाही. खटला जिंकून तुला काय मिळालं, या प्रश्नावर तो जे बोलला त्यात मोटारीतली सैर होती आणि मालकांच्या माणसांनी पाजलेला एक कोका-कोला होता. शाळा हवी होती, असंही तो म्हणाला.

ट्रँगलच्या आगीकडे परत येऊ. त्या दुपारी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका घरी तीस वर्षांची एक तरुणी चहाला आली होती. बंबांचा आवाज ऐकून ती धावली आणि खिडक्यांतून उड्या घेणाऱ्या मुली तिने डोळ्यांनी पाहिल्या. फ्रान्सिस पर्किन्स तिचं नाव. पुढे 1933 मध्ये ती अमेरिकेची कामगारमंत्री झाली, मंत्रिमंडळात बसलेली पहिली स्त्री. आगीनंतर राज्याने चौकशी आयोग नेमला. बैल गेला नि झोपा केला हे खरंच, पण झोपा कसा केला ते बघण्यासारखं आहे. आयोगाचे प्रमुख रॉबर्ट वॅग्नर आणि उपप्रमुख अल स्मिथ हे दोघे टॅमनी हॉलचे. म्हणजे मतांची दलाली आणि कंत्राटांची वाटणी यांसाठी बदनाम असलेल्या पक्षयंत्राचे. साधुसंत कोणी नव्हते. पर्किन्स त्यांना अहवाल वाचायला देत बसल्या नाहीत. त्यांना कारखान्यांत घेऊन गेल्या. एका ठिकाणी ‘आगीत सुटकेचा मार्ग’ अशी पाटी होती. भिंतीला एक भोक, बाहेर बर्फाने माखलेली शिडी, आणि ती जमिनीच्या बारा फूट वरच संपलेली. वॅग्नरसाहेबांना त्या भोकातून सरपटत जायला लावलं गेलं. डबाबंद भाजीच्या कारखान्यात पहाटे पाच-सात वर्षांची पोरं शेंगा सोलताना दाखवली गेली.

पुढच्या तीन-चार वर्षांत न्यूयॉर्कने तीसहून जास्त कायदे केले. उंच कारखान्यांत पाण्याचे फवारे, आगीची कवायत, बाहेर पडायच्या वाटा, बायका-मुलांना आठवड्याला चोपन्न तास. आणि माझ्या मुद्द्याचं म्हणजे कामगार खात्याची फेररचना झाली, निरीक्षक वाढले.

इथे कोणी म्हणेल की निरीक्षकापेक्षा कामगार संघटना जास्त भरवशाची. मान्य. 1909 च्या नोव्हेंबरात क्लारा लेम्लिक या तरुण शिवणकामगारणीने भर सभेत उठून संपाची हाक दिली आणि वीस हजारांवर मुली रस्त्यावर आल्या, तेव्हा ट्रँगलने संघटनेला मान्यता दिलीच नाही. दिली असती तर नवव्या मजल्यावर कुलपाची तक्रार करायला हक्काचं माणूस असतं. संघटना म्हणजे रोज हजर असणारा निरीक्षकच. पण ती नसेल तिथे काय, हा प्रश्न उरतो, आणि बहुतेक कारखान्यांत ती नव्हती.

याहून अवघड आक्षेप दारूबंदीचा. तीही याच सुधारकांची. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षं अमेरिकेत हिंडल्या. त्यांना तिथल्या बायकांच्या संस्थांचं अपार कौतुक वाटलं, त्यात फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपानविरोधी संघाचं विशेष. 1889 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी पुस्तकात ते उतरलं आहे. त्या चळवळीचं टोक म्हणजे 1920 पासूनची देशव्यापी दारूबंदी. तिलाही निरीक्षक होते, छापे होते, अधिकार होते. तेरा वर्षांत ती गुंडाळावी लागली, आणि मधल्या काळात गुंडांच्या टोळ्या गब्बर झाल्या. मग निरीक्षक असूनही का फसलं? मला वाटतं, फरक दाराचा आहे. केली मालकाच्या दारावर थाप मारत होत्या. दारूबंदीचा अधिकारी पिणाऱ्याच्या दारावर. सुधारक जेव्हा गरिबाच्या घरात डोकावून त्याचा पेला, त्याचं स्वयंपाकघर, त्याची पोरं मोजायला लागतो, तेव्हा हातातली वही तीच असते पण काम बदललेलं असतं. 1907 मध्ये इंडियानाने ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, तोही सुधारणेच्याच नावाने.

आणि काही दारांवर तर कोणी थाप मारलीच नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. त्या अर्पणपत्रिकेनंतर बासष्ट वर्षांनी, 1935 मध्ये, वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला. 1938 मध्ये किमान वेतन आणि कामाच्या तासांचा. दोन्ही पर्किन्सबाईंच्या कारकिर्दीतले, दोन्ही खरोखर मोठे. आणि दोन्हींतून शेतमजूर व घरकामगार वगळलेले. दक्षिणेतल्या काळ्या कामगारांपैकी फार मोठा भाग याच दोन कामांत होता. दक्षिणेतल्या खासदारांची मतं हवी होती, हे एक कारण. शेतावर आणि घराघरांत जाऊन तपासणार कोण, ही अडचणही पेन्शनच्या वेळी पुढे केली गेली. म्हणजे निरीक्षक नाही म्हणून हक्कही नाही. फुले असते तर त्यांनी या युक्तिवादाचा काय समाचार घेतला असता, याची कल्पना करून पाहावी.

आपल्याकडे ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. तो फुकट रूढ झालेला नाही. दिवाळीच्या पाकिटांचा आणि सहीसाठी मारायला लागणाऱ्या चकरांचा अनुभव कारखानदारांना आहे. तरीही त्यावरचा उपाय निरीक्षकाला दातच ठेवू नयेत, हा कसा? 2020 च्या कामगार सुरक्षेच्या संहितेत निरीक्षकाच्या पदनामालाच ‘सुविधा देणारा’ अशी शेपटी जोडली आहे. सल्ला द्यावा, अवश्य द्यावा. पण ज्या इमारतींत आपण रोज जातो, तिथला मागचा जिना एकदा बघून या. खोक्यांनी भरलेला, जाळीचं दार लावलेला, आणि किल्ली वॉचमनकडे, जो जेवायला गेलेला असतो.

ट्रँगलच्या आगीला दोन वर्षं झाल्यावर, 1913 च्या उन्हाळ्यात, मॅक्स ब्लँक यांच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या नव्या कारखान्यात निरीक्षक गेला. आत दीडशे बायका शिवत होत्या आणि दाराला साखळी घातलेली होती. ब्लँक यांना वीस डॉलर दंड झाला.